अमेरिकेत घराघरांत बंदूक का असते? याची मुळं नेमकी कुठे आहेत?

लष्करची_लेक (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी. मी जरा अस्वस्थ होऊनच लिहितेय, तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा दादा ओहायोत असतो, बारा वर्षं झाली. दिवाळीच्या आधी आईने इथल्या बाड्यावरच्या बाजारातून भाचीसाठी बूट घेतले, चालताना टाच आपटली की लाल-निळे दिवे लागतात ते, आणि ओळखीचं कोणी तिकडे जात होतं त्यांच्यासोबत पाठवले. परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, बूट आवडले ना गं, शाळेत घालून जातेस ना? तर ती सहा वर्षांची पोर म्हणते, आजी ते शाळेत नाही घालायचे, आम्ही अंधारात लपतो ना तेव्हा दिवे लागले तर त्या माणसाला दिसेल. आईला काही कळेचना, कोण माणूस, कुठे लपता? मग वहिनीने फोन घेतला आणि सांगितलं की शाळेत ड्रिल असतं, बाई दिवे घालवतात, दाराला आतून कडी, खिडकीवर पडदा आणि सगळी मुलं एका कोपऱ्यात तोंडावर हात ठेवून बसतात, कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याची तालीम. आई त्या दिवशी जेवली नाही.

त्याहून मला लागलं ते दादाचं. रात्री एकटा बोलला तेव्हा कळलं की त्यानेसुद्धा पिस्तूल घेतलंय, समोरच्या घरात चोरी झाली म्हणून. पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये असतं. हा तोच दादा, जो लहानपणी वरातीत फायरिंग सुरू झालं की कानात बोटं घालून आईच्या पदरामागे जायचा.

आता बंदूक मला काही परकी नाही. आमच्या घरी सासऱ्यांची दुनाली आहे, बारा बोअरची, खंडेनवमीला बाहेर निघते, हळद-कुंकू, झेंडूची माळ, आणि परत आत. निवडणूक लागली की पोलीस थाण्यात जमा करून पावती आणायची. भिंडच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर खांद्याला बंदूक लावलेला माणूस बसला तर इथे कोणी वळूनही बघत नाही. पण आमच्याकडची पोरं शाळेत अंधारात लपत नाहीत. मग तिकडेच हे असं का? "त्यांना वेडच आहे" असं उत्तर नको, ते नातेवाइकांनी देऊन झालंय. हे आलं कुठून ते मला समजून घ्यायचंय.

जुने_मास्तर (ग्वाल्हेर)

ताई, वेड म्हणून सोडून दिलं नाहीत हे बरं केलंत. मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला, जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

इंग्लंडात १६८९ साली नव्या राजवटीकडून लोकांनी जे हक्क लिहून घेतले त्यात प्रोटेस्टंट प्रजेला स्वतःच्या रक्षणासाठी हत्यार बाळगता येईल असं एक कलम होतं, कारण आधीच्या जेम्स राजाने त्यांची हत्यारं काढून घेतली होती. अमेरिकेतल्या वसाहतींत गेलेली माणसं त्याच घरची, तोच धसका घेऊन गेलेली, की राजाकडे कायमची पगारी फौज आणि प्रजा निःशस्त्र असं झालं की संपलं. म्हणून तिकडे गावातला प्रत्येक धडधाकट पुरुष हाच शिपाई आणि बंदूक त्याची त्याने आणायची. याला ते मिलिशिया म्हणतात.

आणि मग १९ एप्रिल १७७५. बोस्टनहून इंग्रज पलटण रात्री निघाली ती कशासाठी, तर कॉन्कॉर्ड गावात लोकांनी साठवलेली बंदुकीची दारू आणि हत्यारं जप्त करायला. वाटेत लेक्सिंग्टनला गावकरी बंदुका घेऊन उभे राहिले, गोळी सुटली आणि स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. आता हे नीट बघा. आपण पोरांना स्वातंत्र्याची गोष्ट सांगतो त्यात मूठभर मीठ असतं, दांडीचा किनारा असतो. त्यांच्या पोरांना जी गोष्ट पहिल्यांदा सांगितली जाते तिच्यात सरकार बंदुका न्यायला आलं आणि लोकांनी दिल्या नाहीत, असं आहे. ज्या घराची मूळ गोष्टच अशी, तिथे सरकारने बंदुकीचं नाव काढलं की माणसाला वाटतं आले परत ते पलटणवाले. अडीचशे वर्षांत हा धागा तुटलेला नाही.

१७९१ ला त्यांच्या घटनेत दुसरी दुरुस्ती आली, इंग्रजीत मोजून २७ शब्दांचं एक वाक्य. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुव्यवस्थित मिलिशिया आवश्यक असल्याने लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क मोडला जाऊ नये, असा अर्थ. भांडण सगळं त्या पहिल्या अर्ध्या भागावर आहे, हक्क मिलिशियापुरता की ज्याचा त्याचा? पुढच्याच वर्षी, १७९२ ला कायदा झाला की १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक गोऱ्या पुरुष नागरिकाने स्वतःची बंदूक, संगीन, दोन जादा चकमकीचे दगड आणि निदान २४ काडतुसं मावतील अशी पेटी बाळगायचीच. म्हणजे सुरुवातीला ते नागरिकाचं काम होतं, पाळीने गस्त घालावी तसं. हक्क हक्क म्हणून त्याला जो रंग चढला तो बराचसा नंतरचा आहे.

यातलं काळं पानही सांगायला हवं, वर्गातही मी ते वगळत नसे. "गोऱ्या पुरुष नागरिकाने" हे शब्द कायद्यातले आहेत. दक्षिणेत याच मिलिशियाच्या माणसांतून गुलामांवर रात्री पहारा ठेवणारी, पळालेल्यांना पकडून आणणारी पथकं निघत, आणि पश्चिमेकडे सरकताना तीच बंदूक तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी घ्यायला चालली. घरातली बंदूक तिथे राजाच्या भीतीने आली हे खरं, पण ज्यांना आपण दाबून ठेवलंय ते उठतील या भीतीनेही आली.

आता आपलं. १८५७ नंतर इंग्रजांनी आपल्याला पद्धतशीर निःशस्त्र केलं, १८७८ चा हत्यारांचा कायदा तर उघड भेदाचा, युरोपियनांना सूट आणि आपल्याला परवाना. ही जखम इतकी होती की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क मागितलेला आहे. घटना समितीत १९४८ साली ह. वि. कामथ यांनी, हेच पुढे होशंगाबादचे खासदार झाले, हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्तीसुद्धा मांडली. ती नामंजूर झाली. फाळणीच्या कत्तली डोळ्यांपुढे होत्या, कुठल्या तोंडाने घालणार होते? आणि आपल्या घटनेत कलम १९ मध्ये काय आलं, तर शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. विनाशस्त्र! दोन्ही देश इंग्रजांशी भांडून निघाले, पण कागदावर एकाने बंदूक आत घेतली आणि दुसऱ्याने दाराबाहेर ठेवली. ताई, तुमच्या सासऱ्यांच्या दुनालीचा परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे, उद्या काढून घेता येते. तुमच्या दादाच्या पिस्तुलाला तिथे जन्मसिद्ध हक्क म्हणतात. मला तरी मुख्य फरक हा दिसतो.

परत_माळव्यात (इंदूर)

मास्तरांचं वाचलं, छान सांगितलंत. मी पेनसिल्व्हेनियात १४ वर्षं काढून २०१९ ला इंदूरला परत आलो, तर रोजच्या जगण्यात हे कसं दिसतं आणि शिकारीची बंदूक ड्रॉवरमधलं पिस्तूल कधी झाली ते मी सांगतो कारण मला वाटतं ताईंच्या प्रश्नाचा अर्धा भाग तो आहे.

आम्ही राहायचो त्या गावात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी शाळेला सुट्टी असायची. मला पहिल्या वर्षी वाटलं सणाचीच सुट्टी लांबलीय. तर नाही, हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस. बाप आणि पोरं पहाटे चारला नारिंगी जाकिटं घालून निघायची, संध्याकाळी मागच्या ट्रकमध्ये हरीण. माझा शेजारी सत्तरीचा, गिरणीतला रिटायर्ड माणूस, तो दरवर्षी आम्हाला मांसाचं पाकीट आणून द्यायचा, आम्ही खात नाही हे सांगायला मला चार वर्षं लागली इतका प्रेमाने द्यायचा. त्याच्याकडे आजोबांची रायफल होती आणि ती तो तशीच दाखवायचा जशी ताईंच्या घरी खंडेनवमीला दुनाली निघते. गोळ्या वेगळ्या, कुलूप वेगळं, बंदुकीचं तोंड माणसाकडे होऊ द्यायचं नाही हे नातवाला तो रागावून शिकवायचा. ही माणसं वाईट नाहीत हो, हे मला मनापासून सांगायचंय.

पण त्याचा मुलगा वेगळा. त्याला शिकारीत रस नव्हता, त्याच्याकडे पाच-सहा पिस्तुलं आणि एक एआर-१५, म्हणजे लष्करी धाटणीची रायफल, आणि सगळं बोलणं "कोणी घरात शिरलं तर" याच्यावर. एकाच घरात एका पिढीत हे बदललेलं मी बघितलं. आणि हे फक्त माझ्या शेजारचं नाही, प्यू नावाची तिथली संस्था सर्व्हे करते, १९९९ ला बंदूक कशासाठी विचारलं तर जवळजवळ निम्मे मालक शिकारीसाठी म्हणत होते आणि संरक्षणासाठी म्हणणारे २६ टक्के, २०२३ ला संरक्षण हे मोठं कारण सांगणारे ७२ टक्के. प्रश्न विचारायची पद्धत दोन्ही वेळी तंतोतंत तीच नव्हती पण वारा कुठे वळला ते कळतं.

हे कसं झालं? एक म्हणजे धंदा. सॅम्युएल कोल्टने १८३६ ला रिव्हॉल्वरचं पेटंट घेतलं, पुढे हार्टफर्डला कारखाना टाकला, एकसारखे सुटे भाग यंत्रावर काढून जोडायचे, म्हणजे लोहाराकडची वस्तू दुकानात आली. तिथलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध १८६५ ला संपलं तेव्हा कारखाने मोठे झालेले आणि गिऱ्हाईक असलेली फौज घरी गेलेली, मग माल विकायचा कोणाला, तर घराघराला. आणि ते काऊबॉयचं चित्र, प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल, ते बरंचसं नंतर रंगवलेलं आहे. त्या काळच्या डॉज सिटीत, टूमस्टोनमध्ये गावात शिरताना हत्यार जमा करायचा नियम होता! टूमस्टोनची २६ ऑक्टोबर १८८१ ची ती प्रसिद्ध चकमक झालीच मुळी या कारणाने की मार्शल आणि त्याची माणसं समोरच्यांची हत्यारं काढून घ्यायला गेली. मला हे कळलं तेव्हा धक्का बसला होता. थाण्यात बंदूक जमा करून पावती घ्यायची आपली पद्धत त्यांच्याच जुन्या गावांत होती आणि आज तिथे कोणी तसं सुचवलं तर दंगा होईल.

दुसरं म्हणजे एनआरए, नॅशनल रायफल असोसिएशन. ही संस्था १८७१ ची, उत्तरेच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी काढली कारण आपल्या शिपायांना नेम धरता येत नाही हे त्यांनी युद्धात बघितलं होतं. शंभर वर्षं तिचं काम नेमबाजी, शिकार, सेफ्टी असंच मुख्यतः होतं. १९६३ ला राष्ट्राध्यक्ष केनेडींना ज्या रायफलीने मारलं ती टपालाने मागवलेली, वीस डॉलरच्या आसपास किमतीची. १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी गेले, त्या वर्षी कायदा झाला आणि टपालाने बंदुका मागवणं बंद झालं. त्या कायद्याचा राग धरून संस्थेतल्या कडव्या गटाने १९७७ ला सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत जुन्या मंडळींना बाजूला करून संस्था ताब्यात घेतली आणि तिथून पुढे ती राजकारणाचीच झाली. हक्क, हक्क, आणि कुठलाही नियम म्हणजे जप्तीची पहिली पायरी. बघा, तीच मास्तरांनी सांगितलेली १७७५ ची गोष्ट, फक्त आता तिच्यावर मतं आणि पैसा दोन्ही मिळायला लागलं.

कोर्टाचं एक सांगतो आणि थांबतो. १९३९ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हक्क मिलिशियाशी जोडूनच वाचला होता. २००८ ला हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल आला की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरातल्या संरक्षणाचाही हक्क आहे. एका मताने! २०२२ ला त्यापुढे जाऊन घराबाहेर बाळगण्याचाही. ताई, तुमच्या दादाच्या ओहायोत २०२२ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने मनाई नसेल तर, लपवून पिस्तूल नेण्यासाठी परवानासुद्धा लागत नाही. तो वाईट वळणाला लागला असं समजू नका. तिथे दुकानात फॉर्म भरला, चौकशी झाली, बऱ्याचदा काही मिनिटांत काम होतं. आणि आजूबाजूच्या सगळ्यांकडे आहे म्हटल्यावर आपल्याकडे नाही याची भीती वाटायला लागते. मला वाटली होती. मी घेतलं नाही कारण बायकोने स्पष्ट सांगितलं की ते आलं तर मी निघाले.

चंबळकाठ (मुरैना, सध्या ग्वाल्हेर)

मी थोडं वेगळं बोलतो, ताई राग मानू नका. माझं शेत थाण्यापासून बावीस किलोमीटर. रात्री पंपावर एकटा माणूस, वीज येते दोन वाजता. फोन केला तर पोलीस सकाळी येतील. माझ्या वडिलांनी एकदा हवेत गोळी झाडली म्हणून पंपाची मोटर वाचली, नाहीतर चार जण खोलून नेतच होते. अमेरिकेतल्या खेड्यातला शेतकरी जेव्हा म्हणतो की शेरीफ येईपर्यंत मी काय करू, तेव्हा मला त्याचं पटतं. शहरात बसून हे हसण्यावारी नेऊ नये.

पण आमच्याकडे ती गरज राहिली कुठे, शानच जास्त झालीय, हेही मी कबूल करतो. लग्नासाठी मुलगा बघायला येतात तेव्हा लायसन्स आहे का विचारतात. नोकरीचंही आहे, माझा धाकटा भाऊ बँकेत गार्ड लागला तो बंदूक होती म्हणूनच. लोकांना किती हाव आहे ते सरकारलाही ठाऊक, म्हणून तर शिवपुरीत २००८ ला नसबंदी करा आणि लायसन्स लवकर घ्या अशी योजना निघाली होती, आणि आपल्या ग्वाल्हेरात २०१९ ला दहा झाडं लावा, सेल्फी द्या, मग अर्ज. झाडं लावली लोकांनी, खरंच लावली.

आणि बागी, म्हणजे चंबळचे डाकू. १९७२ ला मुरैनातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांपुढे एवढ्या बागींनी बंदुका ठेवल्या, गांधीजींच्या फोटोसमोर ठेवल्या, माझे आजोबा ते बघायला चालत गेले होते. म्हणजे आमच्याकडे बंदूक खाली ठेवण्याचीसुद्धा एक गोष्ट आहे, ती आजोबा डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. तिकडे अशी गोष्ट आहे का कोणी सांगावं.

एक अजून लिहितो, आजवर लिहिलं नव्हतं. माझ्या मामेभावाच्या लग्नात वरात दाराशी आली, बँड जोरात, आणि कोणीतरी दुनाली वर केली. त्याच क्षणी मागून गर्दीचा रेटा आला आणि नळी खाली आली. व्हिडिओ काढणारा पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, छर्रे मानेत. मी त्याला मांडीवर घेऊन गाडीत बसलो होतो, त्याचा कॅमेरा चालूच होता, लाल दिवा लुकलुकत होता. दवाखान्यापर्यंत पोहोचलो नाही. ज्याच्या हातात बंदूक होती तो चांगला माणूस, आजही बोलत नाही कोणाशी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण मी कायद्यामुळे नाही, त्या दिवसापासून लग्नात बंदूक नेत नाही. ताईंनी त्या बुटांचं लिहिलं ना, दिवे दिसतील म्हणून, ते वाचून मला तो लाल दिवा आठवला म्हणून लिहिलं.

लष्करची_लेक (ग्वाल्हेर)

दादा, काय बोलू. वाचून बराच वेळ तशीच बसले. रागवायचं कशाला, तुम्ही लिहिलंत हे खूप मोठं आहे. मीही वरातीत मागे उभी राहणाऱ्यातलीच, पण आजवर कधी पुढे होऊन थांबवा म्हटलं नाही.

सयाजीगंज_२ (बडोदा)

माझा विषय राज्यशास्त्र, बडोद्यात शिकतेय, छोटंसं जोडते. मास्तरांनी गुलामांवरच्या पहाऱ्याचं सांगितलं, ते १८६५ ला थांबलं नाही. गुलामी गेल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच जे कायदे केले त्यात काही ठिकाणी काळ्या लोकांनी बंदूक बाळगायची नाही असं होतं, आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेची टोळकी रात्री घरात घुसून त्यांची हत्यारं काढून घ्यायची. शंभर वर्षांनी, २ मे १९६७ ला, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची मंडळी बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात उघडपणे गेली, कारण पोलिसांवर नजर ठेवत हत्यारबंद फिरण्याच्या त्यांच्या पद्धतीला रोखायला बिल आलं होतं. ते बिल पास झालं, सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगननी, आणि एनआरएनेही पाठिंबा दिला होता! म्हणून "अमेरिकेत बंदूक सगळ्यांचा हक्क" हे वाचताना सगळे म्हणजे कोण ते प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

आणि संख्येचा भाग कोणी लिहिला नाही तर, २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य लोकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका, दर १०० माणसांमागे १२० च्या वर. आपल्याकडे बेकायदा गावठी कट्टे-बिट्टे धरून अंदाज सात कोटींच्या थोडा वर, म्हणजे १०० मागे पाच. पण तिथेही सगळ्यांकडे नाहीत हां, प्रौढांपैकी साधारण दहात तिघंच मालक आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे खूप आहेत.

वॉर्ड_नंबर_नऊ (इंदूर)

मी मानसोपचार विभागात डॉक्टर आहे. इतिहासात मला गती नाही पण ताईंना एक गोष्ट आजच्या आज सांगावीशी वाटते.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंची बातमी आपल्यापर्यंत येते ती शाळेची, मॉलची. सँडी हूक २०१२, वीस चिमुरडी. युवाल्डी २०२२, एकोणीस. ते भयंकर आहेच. पण २०२१ साली तिथे बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली त्यातली निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. स्वतःच्या घरातली, स्वतःच्या संरक्षणासाठी घेतलेली बंदूक. चोर आलाच नाही, वाईट रात्र मात्र आली. आणि २०२० पासून तिथे १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक झालंय, अपघाती मोटारीही मागे पडल्या.

आमच्या वॉर्डात जी माणसं वाचून येतात त्यांच्याशी बोललं की कळतं, तो विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, लाट येते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काय होतं यावर सगळं ठरतं. माळव्यात आम्ही घरोघर सांगतो की शेतावरचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. तेवढ्यानेही जीव वाचतात हे मी बघतेय. तिथले डॉक्टर बंदुकीबद्दल तेच सांगतात.

तेव्हा ताई, दादाशी हक्क आणि इतिहासावर वाद घालू नका, तो हरणार नाही आणि तुम्हीही. फक्त विचारा, भरलेलं असतं का, कुलूप आहे का, किल्ली कुठे, आणि सहा वर्षांच्या मुलीला तो ड्रॉवर माहीत आहे का. तिला माहीत नाही असं आईबापांना वाटतं, मुलांना माहीत असतं. आणि ती मैत्रिणीकडे खेळायला जाते तेव्हा त्या घरीही विचारा, तिथे आता पुष्कळ आया विचारतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोणाच्या मनात स्वतःबद्दल असे विचार येत असतील, वाचणाऱ्यांपैकीही कोणाच्या, तर एकटं राहू नका, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, रात्रीही लागतो.

जुने_मास्तर (ग्वाल्हेर)

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते माझ्या सगळ्या सनावळ्यांपेक्षा कामाचं आहे. मुरैनाकरांनी विचारलं तिकडे बंदूक खाली ठेवण्याची गोष्ट आहे का. अमेरिकेत तशी मोठी मला दिसत नाही, पण ऑस्ट्रेलियात आहे, तीही इंग्रजांचीच वसाहत, तिथेही मूळ रहिवाशांना हुसकून वसलेली. १९९६ ला पोर्ट आर्थर गावात एका माणसाने ३५ जणांना मारलं, आणि काही दिवसांतच सगळ्या राज्यांनी मिळून कायदे कडक केले, सरकारने पैसे देऊन साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून परत घेतल्या आणि मोडीत काढल्या. तिथे घटनेत ते २७ शब्द नव्हते आणि स्वातंत्र्याची गोष्ट बंदुकीने सुरू होत नव्हती. मुळांचा प्रश्न होता म्हणून हे मुद्दाम सांगतो.

लष्करची_लेक (ग्वाल्हेर)

चार दिवस लिहिलं नाही कारण दादाला फोन करायला धीर होत नव्हता. काल केला. मी तुमचं सगळं वाचून दाखवलं नाही, डॉक्टरताईंनी सांगितले तेवढेच प्रश्न विचारले. भरलेलं असतं का, तर हो. कुलूप, तर नाही. मुलीला माहीत आहे का, तर म्हणाला छे. मग मागून वहिनीचा आवाज आला, अहो तिनेच मला सांगितलं होतं, बाबांच्या ड्रॉवरमध्ये काळं खेळणं आहे, हात नाही लावायचा म्हणून. दादा बराच वेळ काही बोललाच नाही. मला वाटलं फोन कट झाला.

आज सकाळी त्याने फोटो पाठवला, लोखंडी पेटी, कपाटात वर, भिंतीला बोल्ट केलेली. गोळ्या वेगळ्या डब्यात आणि त्या डब्याची किल्ली वहिनीकडे. विकून टाक असं मी म्हटलं नाही, म्हणायचं तोंडावर आलं होतं. बूट भाची घरात घालते, जेवण झाल्यावर पॅसेजमधला दिवा घालवून पळते म्हणे, त्याचाही व्हिडिओ आलाय, आईने तो वीस वेळा बघितला असेल.

आणि दुपारी मी सासऱ्यांच्या खोलीत गेले. दुनाली पडद्यामागे खुंटीला, माझा नऊ वर्षांचा मुलगा स्टूलवर चढला तर हात पोहोचतो, हे मी रोज बघत होते आणि दिसत नव्हतं. काडतुसं गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली, डबा पार गंजलेला, सासरे म्हणाले पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची असतील. त्यांना मी शांतपणे सगळं सांगितलं, ते ऐकून घेतात, म्हणाले तुला योग्य वाटेल तिथे ठेव. बंदूक आता कुलपात आहे. चंबळकाठ दादा, ही जुनी काडतुसं कुठे द्यायची? घरात ठेवायची नाहीत मला.

चंबळकाठ (मुरैना, सध्या ग्वाल्हेर)

फेकू नका आणि फोडून बघू नका कोणी. गंजलेला डबा आहे तर हलवाहलव न करता आधी थाण्यात फोन करून विचारा, कसं आणायचं ते सांगतील. लायसन्स सोबत ठेवा, सासऱ्यांना सोबत न्या कारण नाव त्यांचं आहे, आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय उठू नका. सकाळी अकराच्या आधी जा, गर्दी कमी असते. मी शनिवारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच आहे, हवं तर सोबत येतो.